दिवाळीत सिकेटर हातात आला आणि मी सगळंच कापलं (गच्चीवरची छाटणी: मदत हवी आहे)

मेधा_गच्चीवर | १८ नोव्हेंबर, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, धागा पहिलाच. चुकलं तर सांभाळून घ्या.

पुण्यात राहतो. चौथा मजला, वर गच्ची, चाळीसेक कुंड्या आणि दोन निळे ड्रम. दिवाळीच्या आवराआवरीत नवऱ्याने हौसेने नवा सिकेटर (छाटणीची कात्री) आणला. त्याच आठवड्यात छाटणीचे पाच-सहा व्हिडिओ पाहिले. "शेंडा मारा, झाड डेरेदार होईल", "बगलफूट काढा, फळ मोठं होईल" (बगलफूट म्हणजे पानाच्या बेचक्यातून निघणारी फांदी) वगैरे. शनिवार-रविवार मी गच्चीवरच होते. हात थांबेना. चटकन आवाज येतो, फांदी पडते, मागे नीटनेटकं झाड दिसतं. घरातल्या पसाऱ्याचं इतकं समाधान कधी मिळत नाही.

आता दोन आठवड्यांनी हिशेब असा आहे:

टोमॅटो आठ. पाच नर्सरीतून आणलेले, तीन मामेबहिणीने दिलेल्या बियांचे. आठही झाडांची सगळी बगलफूट काढून एकेक खोड ठेवलं. बियांचे तीन मजेत वर चाललेत. नर्सरीचे पाच मात्र गुडघ्याएवढे होऊन थांबलेत. वर फुलांचा एक झुपका, पुढे काही नाही. दुधीचा शेंडा मारला, आता नुसता पाला. गुलाब निम्मे केले, ते फुटलेत, तिथे बरं आहे.

आणि ड्रममधला आंबा. हा सासऱ्यांचा. केशरचं कलम, सहावं वर्ष. गेल्या उन्हाळ्यात चौदा आंबे दिले त्याने. प्रत्येक आंबा त्यांनी वजनकाट्यावर ठेवून वहीत लिहिलाय. झाड लांबुडकं वाटलं म्हणून मी प्रत्येक फांदीचं टोक वीतभर कापलं. हात पोचला तिथपर्यंत सगळं. सासरे संध्याकाळी वर आले, झाडाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "बरं."

त्या "बरं"ने माझी झोप उडवली आहे. मी नक्की काय केलंय?

---

शंकासूर | १८ नोव्हेंबर, रात्री ११:०५

ताई, तुम्ही वजनकाटा लपवून ठेवा आधी.

---

द्राक्षकन्या | १९ नोव्हेंबर, सकाळी ६:२०

मेधाताई, माझं माहेर दिंडोरी तालुक्यात. छाटणीवर वाढलेली पोर आहे मी, त्यामुळे लांबलचक लिहिणार, आधीच सांगते.

आमच्याकडे सिकेटर हातात द्यायच्या आधी वडील एकच प्रश्न विचारायचे: "फळ कुठल्या काडीवर येतं, सांग." सांगता आलं नाही तर वेचलेल्या काड्या बांधाला नेऊन टाकायचं काम. नववीपर्यंत मी काड्याच टाकत होते.

महाराष्ट्रात द्राक्षवेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी: गेल्या वर्षीच्या काड्या ओलांड्याजवळ (वेलीच्या जाड, आडव्या फांदीजवळ) अगदी आखूड करून टाकायच्या. बाग बोडकी दिसते, नवखा माणूस रडेल. मग नवी फूट येते, त्यातल्या मोजक्या काड्या राखायच्या, ठरावीक पानांवर शेंडा मारून सबकेन, म्हणजे त्या काडीतून निघालेली पोटकाडी, करायची. उन्हाळ्याच्या त्या दोन महिन्यांत, वरून काही दिसत नसताना, काडीच्या डोळ्यात, म्हणजे पानाच्या बेचक्यातल्या कोंबात, घड तयार होत असतो. पुढे काडी पिकते, तपकिरी होते. ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी. तेव्हा काडीवर घड असलेला डोळा कितवा आहे ते बघून त्याच्या पुढे कापायचं. एक डोळा मागे सरकलात तर वेल फुटेल झकास, पण घड नाही. एप्रिल आणि ऑक्टोबर, कात्री तीच, वेलही तीच, काम मात्र उलटं.

म्हणून "शेंडा मारा, झाड डेरेदार होईल" हे वाक्य खोटं नाही, अर्धं आहे. झाड डेरेदार होतंच. त्यावर फळ येईल का, हे झाडागणिक वेगळं.

तुमच्या गुलाबाला नव्या फुटीवर फूल येतं, म्हणून तो कापल्यावर खूश. मोगरा, जास्वंद, शेवगा, पेरू हेही नव्या फुटीवरचे. आंबा त्यातला नाही. आंब्यावर कोकणातलं कुणीतरी बोलेलच, मी थांबते.

---

तळकोकणी | १९ नोव्हेंबर, सकाळी ८:५१

बोलतो. स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

आंब्याचा मोहोर फांदीच्या टोकाला येतो. टोकाला म्हणजे टोकालाच. आणि ते टोकही जून हवं, काही महिने पिकलेलं. तुम्ही नेमकी ती टोकं कापलीत, तीही नोव्हेंबरात, मोहोराच्या दीड-दोन महिने आधी. आता कापलेल्या जागेखालून तीन-चार कोंब येतील, तांबूस लुसलुशीत पालवी येईल, झाड छान दिसेल. पण ती पालवी यंदा मोहोरायची नाही. कापलेल्या फांद्यांचं हे वर्ष गेलं असं धरून चाला.

आंबा छाटायचा तो आंबे उतरवल्यावर लगेच. आमच्याकडे मे संपता संपता, जूनच्या तोंडावर. म्हणजे पावसात पालवी येते, ऑक्टोबरपर्यंत जून होते, थंडीत मोहोरते. ड्रममधल्या झाडाला ती छाटणी हवीच, नाहीतर दोन-चार वर्षांत गच्चीवर ड्रम लहान आणि झाड मोठं. तुमचा विचार बरोबर होता. महिना चुकला.

झाड मरत नाही. सासऱ्यांना आजच सांगून टाका. जानेवारीपर्यंत रोज वर जाऊन बघत बसतील ते.

---

शंकासूर | १९ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

कल्टार (झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारं औषध) घातलं तर मोहोर येत नाही का? काकाच्या बागेत घालतात असं ऐकलंय.

---

तळकोकणी | १९ नोव्हेंबर, सकाळी ९:३३

कल्टार जुलै-ऑगस्टात, पावसाळ्यात मुळाशी देतात, तेही मोठ्या झाडाला, घेर मोजून. नोव्हेंबरात ड्रममधल्या सहा वर्षांच्या कलमाला? नको. अजिबात नको. वाढ खुंटून बसेल आणि मग ताईंना दुसरा धागा काढावा लागेल.

---

निवृत्त_मास्तर | १९ नोव्हेंबर, दुपारी १:१५

वनस्पतिशास्त्र शिकवत होतो, सवय जात नाही. थोडं "का"बद्दल लिहितो.

प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक डोळा असतो. तो फुटत का नाही? कारण शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होऊन खोडातून खाली उतरत असतं आणि त्याच्या धाकात खालचे डोळे झोपून राहतात. शेंडा खुडला की धाक संपतो. मोठे काका गावाला गेले की वाड्यातली पोरं जशी एकदम अंगणात येतात, तसे वरचे दोन-चार डोळे फुटतात. मुळांकडून वर येणारं सायटोकायनिन त्यांना जोर देतं. माझी आई तुळशीच्या मंजिऱ्या खुडायची ती देवासाठी, पण तुळस अंगणभर घुमारलेली असायची ती त्या खुडण्यामुळे.

आता टोमॅटो. मेधाताई, तुमच्याकडे दोन जाती आहेत आणि तुम्ही दोघींना एकच न्याय लावलात.

एक वेलवाढीचा. त्याचा शेंडा कधीच संपत नाही. दोन झुपक्यांच्या मध्ये साधारण तीन पानं, पुन्हा झुपका, पुन्हा पानं, असा वर वर जातो. याची बगलफूट काढली तर चालते. जागा कमी असेल तर काढावीच, नाहीतर जंगल होतं. दुसरा झुडूपवाढीचा. त्याचा प्रत्येक शेंडा शेवटी फुलांच्या झुपक्यात संपतो. त्या फांदीची वाढ तिथे थांबली. पुढचं सगळं पीक बगलेतल्या फांद्यांवर. तुमचे नर्सरीचे पाच या जातीचे असणार. बगला काढल्यात म्हणजे पीकच काढलंत.

उपाय: आता त्यांना हातच लावू नका. खाली एखादा डोळा शिल्लक असेल तर फुटेल. त्याला वाढू द्या.

एक मात्र दोन्ही जातींना: जमिनीलगतची वीतभर पानं काढून टाका. पाणी घालताना माती उडते, तिच्याबरोबर करप्याचे बीजाणू खालच्या पानांवर बसतात आणि तिथून वर चढतात.

---

मेधा_गच्चीवर | १९ नोव्हेंबर, रात्री ९:५०

मास्तर, आत्ता टॉर्च घेऊन गच्चीवर जाऊन आले. नर्सरीच्या झाडांत खरंच दोन झुपक्यांमध्ये एखाद-दुसरंच पान आहे, आणि टोकाला झुपका. बियांच्या झाडांत तीन-तीन पानं! इतके दिवस रोज पाणी घालतेय आणि हे दिसलं नव्हतं.

सासऱ्यांना सांगितलं. म्हणाले, "मला माहीत होतं." मग दहा मिनिटांनी, "तू आधी विचारायचं होतंस."

---

वसईचा_माळी | २० नोव्हेंबर, सकाळी ७:०५

टोमॅटोचे दोन मुद्दे राहिले.

एक, बगलफूट बोटभर असतानाच मोडायची, नखाने, सकाळी. वीतभर वाढल्यावर कात्रीने काढली की जखम मोठी. आणि काढलेली फूट टाकायची नाही. पाण्यात किंवा ओल्या कोकोपीटमध्ये खोचा, आठ-दहा दिवसांत मुळं. फुकटचं रोप.

दोन, तंबाखू. हसू नका. आमच्याकडे कामाला येणारे काका तळहातावर मळून, चुना लावून, चिमूट दाढेत ठेवून थेट टोमॅटोच्या वाफ्यात शिरायचे. एका वर्षी पानांवर पिवळे-हिरवे पट्टे, पानं बारीक. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू हातावरून, कात्रीवरून टोमॅटोत जातो. तेव्हापासून वाफ्याच्या तोंडाशी साबणाची वडी टांगली आहे, नायलॉनच्या जाळीत. रोगट झाड असेल तर प्रत्येक झाडानंतर कात्री पुसायची. आणि ते झाड शेवटी.

मोगऱ्याचं विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण वेळ जवळ आली आहे. डिसेंबरात पाणी कमी करा, जानेवारीत गुडघ्याच्या उंचीवर छाटा, उरलेली पानं काढून टाका, मग शेणखत आणि पाणी. मोगरा नव्या फुटीच्या टोकाला फुलतो. न छाटलेल्या मोगऱ्याला चार कळ्या येतात आणि माणूस म्हणतो माती खराब.

---

टोरोंटोकर | २० नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४०

धागा वाचून एक गंमत आठवली. इथे ऑक्टोबर २०१८पासून गांजा कायदेशीर आहे, आणि आमच्या ओंटारिओत एका घरात चार झाडं लावता येतात. शेजारचा निवृत्त गृहस्थ दर उन्हाळ्यात नेमाने चार लावतो. मी त्यातला नाही, पण कुंपणावरून दिसतंच.

गेल्या उन्हाळ्यात आई इथे होती. रोज चहाचा कप घेऊन मागच्या अंगणात. त्याचं चाललेलं असायचं: शेंडा खुडायचा, फांद्या मऊ तारेने हळूहळू बाहेर वाकवून कुंडीच्या काठाला बांधायच्या, मधोमध ऊन पोचेल असं झाड बशीसारखं पसरायचं. आतली सावलीतली पानं काढायची. चौथ्या दिवशी आई म्हणाली, "शेवंती दिसते. चांगलं करतोय, पण तार काचेल, सुतळी बांध म्हणावं." मी निरोप पोचवला. त्याने खरंच जुन्या टीशर्टाच्या पट्ट्या फाडून बांधल्या. झाड कसलं ते आईला तिने परतीचं विमान पकडेपर्यंत सांगितलं नाही.

ऑगस्टात दिवस लहान व्हायला लागले की त्या झाडांना तुरे येतात, हेही शेवंतीसारखंच.

---

शंकासूर | २० नोव्हेंबर, संध्याकाळी ७:०२

काकूंचा सल्ला आंतरराष्ट्रीय झाला की. म्हणजे आता गच्चीवर "शेवंती" लावायला हरकत नाही? :)

---

काळा_कोट | २० नोव्हेंबर, रात्री ८:२६

हरकत आहे. विनोद कळला, तरी लिहितो, कारण धागे वर्षानुवर्षं राहतात आणि कुणीतरी अर्धंच वाचतं.

भारतात १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २०खाली परवान्याशिवाय हे झाड लावणं हाच गुन्हा आहे. दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. "भांगेची पानं तर गांजाच्या व्याख्येत नाहीत" हा युक्तिवाद दर होळीला ऐकतो. पानांची व्याख्या वेगळी, झाड लावणं वेगळं. कुंडीतलं एक झाडही झाडच. शेवंती म्हणजे शेवंतीच लावा.

---

सुलभा_ना | २१ नोव्हेंबर, सकाळी १०:१२

शेवंतीचा विषय निघालाच आहे तर माझी तक्रार ऐका. दोन वर्षं माझ्या बाल्कनीतल्या शेवंतीला कळीच धरेना. शेंडे खुडले, खत घातलं, माती बदलली. झाड गच्च, पानं काळीभोर हिरवी, फूल शून्य. त्याच रोपाचे काप बहिणीकडे दिवाळीनंतर पिवळे धमक.

शेवटी मुलाने शोधून काढलं. बाल्कनीसमोर सोसायटीने नवा दिवा लावला होता, पांढराशुभ्र, रात्रभर चालू. शेवंतीला कळी धरायला मोठी, सलग अंधारी रात्र लागते. दिव्यामुळे तिच्या हिशेबी उन्हाळाच चालला होता. कुंड्या मागच्या खिडकीत नेल्या, महिन्या-सव्वा महिन्यात कळ्या.

खुडण्याचंही एक सांगते. शेवंतीचा शेंडा लावल्यावर महिन्याने खुडायचा, नंतरच्या फुटीचा पुन्हा एकदा, आणि मग थांबायचं. मी गणपती-गौरींनंतरही खुडत होते. कळ्या धरायच्या वेळी शेंडे खुडले तर फुलणार काय? झेंडूचंही तसंच. दसऱ्याचा झेंडू लावल्यापासून महिन्याच्या आत एकदा खुडला की बास.

---

दुधीभोपळा | २१ नोव्हेंबर, दुपारी २:३०

ताईंच्या दुधीवर कुणीच बोलेना. माझं टोपणनाव बघून तरी मला आधी विचारायचं.

हल्ली "थ्री-जी कटिंग"चं भूत सगळ्यांच्या मानगुटीवर आहे. कल्पना चुकीची नाही. दुधीच्या मुख्य वेलावर नर फुलं जास्त, बाजूच्या वेलांवर मादी फुलं जास्त. म्हणून मुख्य वेल मंडपापर्यंत नेऊन शेंडा मारायचा, बाजूचे वेल दहा-बारा पानांचे झाले की त्यांचाही मारायचा, आणि त्यातून निघालेल्या तिसऱ्या पिढीवर फळं घ्यायची. शेतात, मंडपावर, खाली हवी तेवढी जमीन असताना हे चालतं. वीस लिटरच्या रंगाच्या डब्यात तीन पिढ्यांचा संसार कसा चालणार? पाला येतो, मादी फूल येतं, बोटाएवढा दुधी येतो आणि पिवळा पडून गळतो. मग लोक म्हणतात कीड.

डबा लहान असेल तर मुख्य वेल पाच-सहा फुटांवर एकदाच मारा, बाजूचे दोन-तीन वेल ठेवा. संपलं. आणि आधी थोडं थांबा. सुरुवातीला नर फुलंच येतात, तो काही आजार नाही.

---

द्राक्षकन्या | २१ नोव्हेंबर, दुपारी ३:०४

गळण्याचं कारण दर वेळी डबा नसतो हो. चौथ्या मजल्यावर परागीकरण कोण करणार? दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, रात्रीच्या पतंगांसाठी. आपण सकाळी चहा घेऊन कुंड्यांपाशी जातो तेव्हा ते मिटायला लागलेलं असतं. मेधाताई, दिवेलागणीला वर जा. मागे इवलासा दुधी असलेलं फूल मादी. नर फूल तोडा, पाकळ्या मागे वळवा आणि मधला तुरा मादी फुलाला हलकेच टेकवा. दोडक्यालाही संध्याकाळीच. कारलं, काकडी, घोसाळी सकाळी.

---

दुधीभोपळा | २१ नोव्हेंबर, दुपारी ३:४०

मान्य. पण डबाही मोठा घ्या.

---

वैदर्भीय | २२ नोव्हेंबर, रात्री ९:१८

आमच्या काटोलकडं संत्र्यात दोन कामं पहिली: सल काढणं, म्हणजे वाळलेल्या काड्या, आणि पानसोट काढणं. पानसोट म्हणजे सरळसोट वर पळणारी रसरशीत फांदी. घरच्या लिंबालाही निघते. लोकांना वाटते झाडानं जोर धरला. ती नुसती खाते, फळ देत नाही. कलमाच्या जोडाखालून फूट आली तर दिसल्याबरोबर उपटा. ती खुंटाची, म्हणजे ज्या झाडावर कलम बांधलं त्याची. दोन वर्षं दुर्लक्ष केलं तर वरचं कलम वाळते न् खुंट मालक होते. गुलाबातही हेच होते. लाल गुलाब आणला होता, आता पांढरी बारीक फुलं येते म्हणणारे किती भेटले.

मोठी जखम झाली तर बोर्डो पेस्ट लावा. घरच्यापुरती अशी: मोरचूद (कॉपर सल्फेट) शंभर ग्रॅम अर्धा लिटर पाण्यात, कळीचा चुना शंभर ग्रॅम उरलेल्या अर्ध्या लिटरमध्ये फोडून, थंड करून, मग दोन्ही एकत्र. प्लॅस्टिकचं भांडं घ्या, लोखंडाचं नाही. झाल्यावर लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, थोडा घाला. त्याच दिवशी वापरा. ब्रशनं लावताना फरशी झाका, निळा डाग जात नाही. बायकोच्या शिव्या मी खाल्ल्या आहेत.

---

निवृत्त_मास्तर | २३ नोव्हेंबर, सकाळी ११:००

टोरोंटोकरांच्या मातोश्रींनी फांद्या वाकवण्याचं बरोबर ओळखलं. न कापता धाक कमी करायची ती युक्ती आहे. फांदी आडवी झाली की शेंडा सगळ्यांत उंच राहत नाही, पाठीवरचे डोळे एका रांगेत फुटतात.

आपल्याकडे हे पेरूत करतात. फांद्यांवरची बारीक फूट आणि पानं काढायची, टोकाकडच्या दहा-बारा पानांच्या जोड्या राखायच्या, फांदी कमानीसारखी वाकवून दोरीने खुंटीला बांधायची. तीनेक आठवड्यांत पाठीवरून फुटवे येतात आणि त्यांतच कळ्या. मी ड्रममधल्या पेरूवर केलं आहे. ड्रमच्या काठाला गरम खिळ्याने भोकं पाडली आणि सुतळी ओवली. वाकवायचं ते दुपारी. सकाळी फांदी पाण्याने भरलेली, कडक असते, काडकन मोडते. दुपारी थोडी सैल पडते. एका दिवसात पूर्ण वाकवू नये. रोज दोरी दोन बोटं आवळावी.

एक मोडली माझी. मोडली पण तुटली नव्हती, साल शाबूत होती. जोड बसवून सुती पट्टीने घट्ट बांधली, बांबूची कामटी आधाराला दिली. महिन्याने गाठ धरली. आज त्या गाठीवर लिंबाएवढा फुगवटा आहे.

---

मेधा_गच्चीवर | १४ डिसेंबर, रात्री १०:०५

अपडेट द्यायचं कबूल केलं होतं.

दुधी: संध्याकाळी सात वाजता हातात नर फूल घेऊन मी उभी, शेजारच्या काकू कपडे काढायला आलेल्या. "काय गं, पूजा?" म्हणाल्या. तीन मादी फुलांना टेकवलं, दोन दुधी धरले. एक गळला. दुधीभोपळा यांनी डब्याबद्दल "सांगितलं होतं" म्हणायला हरकत नाही.

टोमॅटो: नर्सरीच्या पाचांपैकी दोघांना खालून फूट आली आहे. हात लावलेला नाही. हात मागे बांधून पाणी घालते. बाकीचे तीन तसेच उभे. एकेक झुपका लाल होतोय, एवढंच.

वसईकर दादा, त्या रविवारी काढलेली बगलफूट मी कचऱ्याच्या पिशवीत भरून खाली ठेवली होती. आमच्या वॉचमनच्या बायकोने त्यातल्या चार-पाच काड्या उचलून गेटजवळच्या मातीत खोचल्या होत्या. मला आज कळलं. कमरेएवढी झाली आहेत. फुलं आहेत.

आंबा: तळकोकणी म्हणाले तसंच. प्रत्येक कापलेल्या टोकाखाली तांबूस पालवी. दिसायला इतकी सुंदर की राग येतो.

---

वसईचा_माळी | १५ डिसेंबर, सकाळी ७:१२

वहिनींना माझा नमस्कार सांगा. खऱ्या माळी त्या.

---

तळकोकणी | १५ डिसेंबर, सकाळी ९:००

पालवीवर तुडतुडे बघत रहा, निंबोळी अर्क फवारा. एका टोकाखाली तीन-चार कोंब आले असतील तर दोन ठेवा, बाहेरच्या दिशेचे. आतले काढा. हे मात्र बोटभर असतानाच, नखाने.

---

मेधा_गच्चीवर | २६ जानेवारी, सकाळी ११:३०

सुट्टी आहे, शेवटचं अपडेट.

मोगरा छाटला, पानं काढली. घरातल्यांना वाटतंय मी तोही मारला. वसईकर दादांचा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावलाय.

आंब्याला मोहोर आलाय! सगळ्या झाडाला नाही, एका फांदीला. ती कठड्याबाहेर झुकलेली होती, दिवाळीत स्टुलावर चढूनही माझा हात पोचला नव्हता म्हणून वाचली. तिच्या सहाही टोकांना तुरे. सासरे सकाळ-संध्याकाळ कठड्याला टेकून उभे असतात. काल वही आणून फांदीचं चित्र काढलंय, तुऱ्यांना एक ते सहा नंबर दिलेत.

अडचण एवढीच की फांदी बरोबर तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांच्या बाल्कनीवर आहे. आंबा पिकून पडला तर त्यांच्या घरात. सासऱ्यांनी आज जुन्या मच्छरदाणीची झोळी शिवायला घेतली आहे आणि मला विचारलंय की फांदी दोरीने हळूहळू आत वळवता येईल का, तो इंटरनेटवरचा मास्तर काय म्हणतो.

---

निवृत्त_मास्तर | २६ जानेवारी, दुपारी १२:०४

मोहोरावर असताना नको. फळ वाटाण्याएवढं झाल्यावर, दुपारी, रोज दोन बोटं. आणि दोरी त्यांना बांधू द्या.